भाकरीची खूण

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आशा कार्यकर्तीची डायरी वेगळी. ती लोहाऱ्याच्या दवाखान्यात दाखवावी लागते, तिच्यात सगळं नीटनेटकं लिहावं लागतं. ही वही माझी. हिच्यात मनात येईल ते लिहिणार आणि साड्यांच्या पेटीत तळाशी ठेवणार. कुणी वाचलीच तर त्याचं त्यानं बघावं.

आज पुण्याच्या एका संस्थेचे चाळीस पट्टे गावात आले. मनगटाला बांधायचे, काळे, रबराचे, घड्याळ म्हणतात त्याला. घेऊन आल्या त्या हर्षाली मॅडम, इंजिनियर, वय सव्वीस. मूळच्या भूमच्या, पण दहावीनंतर सगळं हॉस्टेलात. पंचायतीच्या हॉलात त्यांनी साठीच्या पुढच्या चाळीस माणसांना समजावून सांगितलं. पट्ट्याच्या पोटात हिरवा उजेड आहे, तो कातडीखालून रक्त जाताना बघतो आणि काळजाचे ठोके मोजतो. आत एक बारीक मेंदू आहे. त्याला हजारो माणसांचे ठोके दाखवून शिकवलंय, चांगले कुठले अन बिघडलेले कुठले. बिघडलेले दिसले की तो 'धोका' अशी खूण ठेवतो. मी दहा पावलांवरून गेले की ती खूण माझ्या मोबाईलात येते. नेट लागत न्हाई.

दगडोबा म्हणाला, "येळ दावतंय का?"

"न्हाई. आकडे दाखवायला काच लागते आणि काच बॅटरी खाते."

"मंग घड्याळ कशाला म्हनता? कडं म्हना."

मी सगळ्यांच्या आधी नाव दिलं ते अत्तींचं. अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, चन्नम्मा. माझं माहेर कर्नाटकातलं, आळंदकडलं, घरात आम्ही दोघी कानडीच बोलतो, म्हणून अत्ती. तीन वर्षांखाली मामंजींच्या अंगावरून वारं गेलं आणि चौथ्या दिवशी ते गेले. नंतर डॉक्टर म्हणाले, काळीज कित्येक महिने वेडंवाकडं चालत असणार, रक्ताची गाठ झाली ती डोक्यात गेली. घरोघरी बीपी अन शुगर विचारत फिरणारी मी, आणि माझ्या घरातल्या माणसाचं मला कळलं न्हाई. ते माझ्या मनातून जात न्हाई. अत्तींना मी तसं जाऊ देणार न्हाई, बस्स.

पट्टा बांधला तेव्हा अत्ती म्हणाल्या, "गळ्यात लिंग हाय, आता मनगटात हे. अजून किती देव बांधशील, यव्वा?" यव्वा म्हणजे बाई गं, मला त्या मायेनं तसंच म्हणतात.

८ नोव्हेंबर, शनिवार

चार्जिंगनं जीव खाल्ला. पट्टा नऊ दिवस चालतो म्हणाले, इथं सहाव्या दिवशीच निम्मे मेले. रोज घरोघरी जाऊन काढून आणायचे, लाईट असेल तेव्हा लावायचे, परत नेऊन बांधायचे. दगडोबानं पट्टा म्हशीच्या खुंट्याला अडकवून ठेवला होता. म्हणाला, म्हशीला बी बघू द्या.

हर्षालीला फोन लावला. सरळ सांगितलं, तीन आठवडे टिकत असेल तर ठेवते, न्हाईतर तुमचं सामान घेऊन जावा.

ती म्हणाली, "ताई, आत दोन डोळे आहेत समजा. एक रक्त बघतो, दुसरा हात हललेला बघतो. दुसरा बंद करता आला तर टिकेल तीन आठवडे."

"करा की मग बंद. हात हललेला बघून कुणाचं भलं झालंय?"

बघते म्हणाली. पोरगी ऐकून घेते, हे एक बरं आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आठवडाभरात त्रेपन्न धोके. सगळे बायकांच्याच नावावर, पुरुष एक न्हाई. धुरपदाबाईच्या नावावर एकटीच्या अकरा. तिला दोनदा लोहाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही वेळा ईसीजीची पट्टी काढली, काळीज ठणठणीत. निघताना डॉक्टर म्हणाले, "महादेवीताई, आता खात्री झाल्याशिवाय कुणाला आणू नका. माझ्याकडं खरे पेशंट बाहेर बसलेले असतात."

लई लागलं. येताना जीपमध्ये धुरपदाबाई मलाच धीर देत होती. म्हणाली, "जाऊ द्या ओ ताई, तेवढंच माझं फिरणं झालं."

अत्तींच्या नावावर पण तीन आहेत. त्यांना सांगितलं सुद्धा न्हाई, उगी भितील. पुण्याहून कळवलंय की असंच चाललं तर महिनाअखेर पट्टे गोळा करायचे. मी गोळा करणार न्हाई. काय बिघडलंय ते हुडकून काढल्याशिवाय तर मुळीच न्हाई.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडलं. लई आनंद झालाय.

जवळजवळ सगळे धोके सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ. काल रात्री यादी बघतानाच हे मला दिसायला पाहिजे होतं. आज सातलाच धुरपदाबाईच्या दारात जाऊन बसले. ती चुलीपुढं, काटवटीत पीठ. थपथप सुरू झालं आणि मोबाईल वाजला, धोका, ठोके एकशे अठरा. मी तिच्या थापा मोजल्या. मिनिटाला एकशे अठरा. तिनं भाकरी तव्यावर टाकायला हात उचलला की आकडा उतरून शहात्तर. परत थापायला लागली की एकशे अठरा.

हात आपटतो, पट्टा हलतो, पट्ट्याबरोबर उजेड हलतो, आणि त्या बारीक मेंदूला वाटतं काळीजच धावतंय. म्हणून पुरुष त्यात न्हाईत. आमच्या गावात पुरुष भाकरी थापतोय असा दिवस अजून यायचाय.

हर्षालीला तिथूनच फोन केला. हसायला लागली ती थांबेचना. म्हणाली, "ताई, आमच्या मॉडेलला चालणं शिकवलंय, पळणं शिकवलंय, सायकल शिकवलीय. भाकरी कुणी शिकवलीच न्हाई."

"मग शिकवा," मी म्हणाले. "मी बायका गोळा करते."

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज समाजमंदिरात एकतीस बायका, सहा चुली. प्रत्येकीनं पट्टा बांधून तीन-तीन भाकऱ्या थापल्या. हर्षाली लॅपटॉप घेऊन मधोमध बसली. पार्वतम्माची थाप हळू आणि जड, धुरपदाबाईची बारीक आणि घाईची. बाजरीला हात हलका लागतो, ज्वारीला जरा दाबून. मेंदूला सगळं कळलं पाहिजे म्हणून सगळं दिलं.

हर्षालीनं पण एक करून बघितली. तव्यापर्यंत जाताना तिची भाकरी अर्धी चुलीत पडली. पार्वतम्मा म्हणाल्या, "हिचं लगीन कुनी ठरवू नगा अजून." ती पण हसली बिचारी.

मग म्हणाली, "ताई, या खुणेला नाव तुम्ही द्या." लॅपटॉपवर मी माझ्या हातानं टाईप केलं, भाकरी. आता चाळीस पट्ट्यांच्या मेंदूत माझा शब्द जाणार. बारावी पास बाईनं आणि काय करायचं राहिलं?

अत्तींना घेतलं न्हाई. गुडघ्यांमुळं दिवाळीपासून मी त्यांना चुलीपाशी बसूच देत न्हाई, भाकऱ्या मीच करते. त्या दारात बसून बघत होत्या. घरी येताना देवळाच्या पायरीवर दोनदा टेकल्या. ऊन होतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सगळ्या पट्ट्यांत रविवारी नवा मेंदू भरला. दुसरा डोळा बंद केलाय, आता चार्जिंग बावीस दिवस. भाकरी थापताना 'भाकरी' अशी खूण पडते आणि पट्टा गप्प बसतो. धोका असेल तरच ठोक्यांची नोंद साठवायची, भाकरी असेल तर न्हाई, तेवढीच बॅटरी वाचते. गेल्या तीन दिवसांत धोका शून्य. शून्य! डॉक्टरांना मेसेज टाकला, त्यांनी अंगठा पाठवला.

जेवताना अत्तींना सगळी कथा सांगितली. थापेला मेंदू कसा काळजाचा ठोका समजत होता ते. त्या ऐकत होत्या, अर्धी भाकरी तशीच बाजूला सारली आणि कानडीत म्हणाल्या, "माझ्या तर उरातच कुणी रोट्टी बडवतंय. बसल्या जागी." मी आणि हे, दोघं हसलो. अत्तींचा टोमणा असतो तो असा. माझ्या भाकरीला चव न्हाई असं सरळ म्हणायचं न्हाई, फिरवून म्हणायचं.

२ डिसेंबर, मंगळवार

अत्तींच्या नावावर भाकरीच्या खुणा. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी. काल पण दोन. ही माझी फिरतीची वेळ. म्हणजे मी घराबाहेर पडले की बाई चुलीपाशी.

कुणासाठी करतात? आम्ही तिघंच. हे तर दिवसभर लोहारा ते उमरगा जीपवर. मला वाटतं, माझी भाकरी त्यांना जात न्हाई म्हणून चोरून आपली आपण करून खातात. म्हणून रात्रीचं जेवण अर्धं टाकतात. खायची तर खा, पण त्या गुडघ्यांनी उकिडवं बसायचं म्हणजे? मी एवढं कुणासाठी करते?

आज काही बोलले न्हाई. रंगेहाथ पकडीन.

६ डिसेंबर, शनिवार

आज नको ते झालं.

साडेअकराला मुद्दाम लवकर घरी आले. दारातच मोबाईलात खूण पडली, चन्नम्मा, भाकरी, अकरा वाजून बारा. अत्ती पलंगावर भिंतीला टेकून. मी सरळ विचारलं, "तुम्ही चुलीपाशी बसला होता का न्हाई?"

"न्हाई."

"अत्ती, इथं वेळेसकट आलंय."

"आलं आसंल. म्या काटवटीला हात लावला न्हाई."

मी चूल बघितली. चूल गार होती. मला वाटलं, गॅसवर केली असणार. मी बोलत गेले. गुडघ्यांचं बोलले, माझ्या फिरतीचं बोलले, मामंजींचं पण बोलले, ते बोलायला नको होतं. तेव्हा अत्तींनी गळ्यातलं लिंग हातात धरलं आणि म्हणाल्या, "ना सुळ्ळ हेळंगिल्ल." मी खोटं बोलत न्हाई. एकवीस वर्षांत मी त्यांना लिंगाला हात लावून शपथ घेताना बघितलेलं न्हाई. त्यांची जाऊ त्यांच्यावर कणीस चोरल्याचा आळ घ्यायची, तेव्हा पण घेतली नव्हती.

आणि मी काय म्हणाले, तर, "मशीन पण खोटं बोलत न्हाई."

त्यांनी पदर सारखा केला आणि आडव्या झाल्या.

मला वाईट वाटतंय. पण मी चुकलेय असं मला वाटत न्हाई. शपथेचा आणि मेंदूचा संबंध काय? एकतीस बायकांच्या हातांनी शिकवलाय तो.

९ डिसेंबर, मंगळवार

अत्ती माझ्याशी मराठी बोलतात. "चहा ठेवला का?" "लाईट आली का?" पाहुण्या बाईशी बोलतात तसं. यव्वा तर न्हाईच. यांच्याशी कानडी, माझ्याशी मराठी. मी पण मराठीतच उत्तर देते. बघू कोण आधी थकतं.

पट्टा मात्र काढला न्हाई त्यांनी. मी म्हणाले, नको वाटत असेल तर काढा. म्हणाल्या, "कबूल केलंय."

१२ डिसेंबर, शुक्रवार

तालुक्याच्या बैठकीत माझा सत्कार. हर्षाली पुण्याहून फोनवर बोलली, सगळ्यांसमोर म्हणाली, भाकरीची खूण ही महादेवीताईंची, आता आणखी गावांत जाणार. टाळ्या झाल्या. डॉक्टर पण हसले. घरी येऊन शाल अत्तींच्या पायाशी ठेवली. त्यांनी घडी करून कपाटात ठेवली, म्हणाल्या, "चांगलं झालं." मराठीत.

आज अत्तींच्या नावावर खुणा चार.

२० डिसेंबर, शनिवार. लातूर, दवाखाना

काल येळवस, अवसेला शेतात पूजा करून तिथंच जेवायचा सण. आज सकाळी इथं बाकावर बसून लिहितेय. वही पिशवीत कशी आली आठवत न्हाई, तिळाच्या भाकऱ्यांच्या डब्याखाली होती.

शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, केली होती. पाच दगडांना चुना लावून आत मांडले, पूजा झाली, यांनी शिवारात आंबील शिंपडली. अत्तींना जीपनं बांधापर्यंत आणलं होतं, कोपीच्या सावलीला गोधडीवर बसवलं. हातात आंबिलीचा पेला. सगळे भज्जीवर, सणाच्या मिसळ भाजीवर, तुटून पडलेले. मी अत्तींचा फोटो काढायला मोबाईल काढला. राग राग म्हणून किती दिवस करायचा, सणाला तरी एक फोटो काढावा म्हणून.

मोबाईल वाजला. चन्नम्मा, भाकरी, एक वाजून चार. आत्ता.

मी अत्तींकडं बघितलं. दोन्ही हातांनी पेला धरलेला. चूल न्हाई, काटवट न्हाई, चिमूटभर पीठ न्हाई. तीन पावलांवर बसलेल्या. आणि मोबाईल म्हणतोय भाकरी.

मला आधी कळलंच न्हाई मी काय बघतेय. मग पेला काढून घेतला आणि मनगट धरलं, पट्ट्याच्या वर, बोटांनी. एक ठोका. मग तीन घाईघाईनं. मग काहीच न्हाई. मग दोन. मोजायला गेले तर मोजता येईना. दुसऱ्या हातानं त्यांचं कपाळ बघितलं, घाम, गार.

"अत्ती, कधीपासून होतंय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मराठीत म्हणाल्या, "सांगितलं व्हतं की."

हे जीप घेऊन बांध ओलांडून आत आले, हरभऱ्यातून. उमरग्याला पट्टी काढली, त्यांनी लगेच इथं पाठवलं. काळजाच्या वरच्या कप्प्यात गोंधळ आहे म्हणाले, ठोके येतात जातात, बरेच दिवसांपासून. रक्त पातळ करायचं औषध सुरू केलंय. मी मामंजींचं सांगितलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "मग वेळेत आणलंत म्हणायचं. गाठ अजून कुठं गेलेली न्हाई."

वेळेत. सहा डिसेंबरला लिंग हातात धरून सांगत होत्या, तेव्हा वेळ होती. अत्ती आत झोपल्यात. मी इथं बसून रडले, पोटभर.

२२ डिसेंबर, सोमवार

अत्ती बऱ्या आहेत, उद्या परवा सोडतील. हे त्यांच्यापाशी. मी सकाळच्या एसटीनं गावात आले, कारण मला बसवेना.

पट्टे बांधलेल्यांत अत्तींसारखं आणखी कुणी असेल तर? भाकरीच्या सगळ्या खुणा काढल्या आणि ज्या खुणा चुलीच्या वेळेच्या बाहेर आहेत त्या वहीत लिहिल्या. नऊ नावं. नऊ घरं एका दिवसात पायी केली. प्रत्येकीला एकच विचारलं, या वेळेला तुम्ही काय करत होता, आणि जे सांगतील ते खरं धरून लिहून घेतलं. मग मनगट धरून पूर्ण मिनिट मोजलं.

धुरपदाबाई खरंच दुपारी तीनला भाकऱ्या करत होती, नात शाळेतून भुकेली येते म्हणून वेळच फिरलीय तिची. दोघी पापड लाटत होत्या, एक धुणं बडवत होती. पार्वतम्मा म्हणाल्या, "काय न्हाई ओ, टेकले हुते. जरा धडधडतंय आन जातंय." नाडी धरली. एक, मग तीन, मग काहीच न्हाई.

संध्याकाळी डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, "खात्री आहे का?" मी म्हणाले, "मशीनची न्हाई. माझ्या बोटांची आहे." पट्टी काढली, ती बघितली आणि ते मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहायला लागले.

२४ डिसेंबर, बुधवार

अत्ती घरी आल्या.

हर्षालीचा फोन. रडत होती. तिनं जुन्या नोंदी काढल्या, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या, भाकरी शिकवण्याआधीच्या. अत्तींच्या नावावरचे जे तीन धोके होते, त्यातले दोन खरे. तेव्हा मेंदू बरोबर सांगत होता. त्रेपन्नात दोन खरे होते, आम्ही दोघींनी मिळून त्याला शिकवलं की तेही भाकरीच.

"चूक माझी," ती म्हणाली. "दुसरा डोळा मी बंद केला."

"करा म्हणून मी सांगितलं होतं. रडू नका मॅडम, त्यानं नाडी सुधारत न्हाई."

पुण्याचे साहेब म्हणतायत ही खूणच काढून टाका. मी न्हाई म्हणाले. काढली की परत त्रेपन्न धोके आणि परत कुणी ऐकणार न्हाई. भाकरी राहू द्या. पण भाकरी म्हणायच्या आधी दुसरा डोळा उघडायचा, हात हलतोय का बघायचं. हात हलत नसेल तर भाकरी न्हाई, धोका. आणि नोंद साठवायची. ती म्हणाली, मग चार्जिंग बावीसवरून बारा दिवसांवर येईल. येऊ द्या. मी करते चार्जिंग.

अजून एक सांगितलं. अॅपमध्ये एक रकाना वाढवा, बाई काय म्हणाली. खुणेच्या शेजारी.

"असं मोकळं लिहिलेलं मॉडेलला वाचता येणार न्हाई, ताई."

"मला येतं की."

२८ डिसेंबर, रविवार

तो रकाना आज आला. पार्वतम्माचं भरलं, जरा धडधडतंय आन जातंय. अत्तींचं भरायला त्यांच्यापाशी जाऊन बसले, तर त्या झोपलेल्या. त्यांना पहिल्यांदा कधी त्रास झाला ते माझ्याच लिहिण्यात कुठं असेल म्हणून ही वही पहिल्यापासून वाचली.

२६ नोव्हेंबर. माझ्या तर उरातच कुणी रोट्टी बडवतंय, बसल्या जागी. माझ्या अक्षरात आहे. खाली लिहिलंय, मी आणि हे दोघं हसलो.

आजारी माणूस याहून सोपं काय सांगणार? डॉक्टरला सांगावं तसं सांगितलं, कुठं होतंय, कसं होतंय, कधी होतंय. आणि मी भाकरीच्या चवीचा टोमणा समजले. पट्टा तरी काय वेगळं म्हणत होता? तो पण भाकरीच म्हणत होता. दोघं एकच सांगत होते आणि मी एकाचं खरं धरून दुसरीला खोटं पाडत होते.

रकान्यात ते वाक्य भरलं, तारखेसकट, कानडीतच. ते पान फाडून टाकावं असं वाटलं, पण ठेवलं. शरम वाटायला पाहिजे तर राहू दे.

४ जानेवारी २०२६, रविवार

नवा मेंदू परवा भरला. हर्षाली म्हणाली, ज्यांच्या हाताची थाप घेतली नव्हती त्यांची घ्या, अत्तींची न्हाई आपल्याकडं.

मी अत्तींपुढं जाऊन बसले. आधी मला जे बोलायचं होतं ते बोलले. "अत्ती, तुम्ही लिंगाला हात लावून सांगितलं आणि मी ऐकलं न्हाई. माझं चुकलं. मोबाईलपेक्षा मी तुमचं ऐकायला पाहिजे होतं." कानडीत बोलले. सगळं बोलले.

त्या हाताला टेकून उठून बसल्या. मग म्हणाल्या, "काटवट आन. एकच करीन."

स्टूल मांडून काटवट ओट्यावर ठेवली, उकिडवं बसू दिलं न्हाई. पीठ मळलं त्यांनीच. दोन महिन्यांनी हात लागला तरी थाप तशीच, गोल फिरत जाणारी, कडेला बारीक. मोबाईल वाजला.

"काय म्हनतंय?" अत्तींनी विचारलं.

"भाकरी म्हणतंय."

"दोन्ही डोळं उघडं हाईत न्हवं?"

"उघडे आहेत."

"मंग आज खरं बोललं."

भाकरी तव्यावर टाकली, फुगली. थापणं थांबलं तशी खूण पण गेली. मी तरी मनगट धरून मोजलं, पूर्ण मिनिट. ब्याऐंशी, सरळ. त्यांनी मोजू दिलं, गंमत बघितल्यासारख्या माझ्याकडं बघत. मग भाकरी काढली, वर तेल-चटणी घातली आणि ताट स्वतःपुढं न घेता माझ्याकडं सरकवलं.

"ऊटा माड, यव्वा," म्हणाल्या. जेव.

मी जेवले.